तेरचं कापड सातासमुद्रापार

गटांच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. आपली शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड, आपला खवा परदेशात जाईल का? एखादी म्हणते, माझा भाचा दुबईला आहे, त्याच्याकडून पाठवू. दुसरी लगेच म्हणते, अगं, सोलापूरच्या पुढं आपल्याला ओळखतं कोण? मग हसून विषय तिथंच सोडला जातो.

आज हाच विषय पुढं न्यायचा आहे, पण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाच्या वाटेनं. कारण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरणेच्या काठावरून माल परदेशी जात होता. तोही एका देशात नाही, तर आफ्रिकेचा किनारा, इराणचं आखात, इजिप्त आणि तिथून थेट रोमपर्यंत पसरलेल्या व्यापाराच्या जाळ्यात. तिथं स्पर्धा होती, धोका होता, नफा होता आणि फसगतही होती. आपल्या आधीच्या लोकांनी हे कसं सांभाळलं आणि त्यांचं कुठं अडलं, ते बघू या.

तेर म्हणजेच तगर

तेर आपल्याला ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. वारीला, यात्रेला आपण तिथं जातो. पण गोरोबाकाकांच्या कितीतरी शतकं आधी तेरचं नाव तगर होतं आणि सातवाहन राजांच्या काळात ते मोठं व्यापारी शहर होतं. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं अभ्यासक सांगतात. ते त्याच जुन्या काळाची खूण आहे.

तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर पूर्वी बराच वाद होता. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद. 1901 साली जे. एफ. फ्लीट या अभ्यासकानं तगर म्हणजे तेर हे पुराव्यानिशी मांडलं. 1958 साली तिथं उत्खनन झालं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी तर पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जपून ठेवल्या. त्या आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, रोमन धर्तीचे मातीचे दिवे आणि एक नाजूक हस्तिदंती स्त्रीमूर्ती.

या मूर्तीची एक बहीण फार लांब सापडली. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचं तेरच्या आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्तींशी इतकं साम्य आहे, की ती आपल्या दख्खनमध्येच घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याकडच्या कारागिराच्या हातची वस्तू रोमच्या राज्यातल्या एका घरात होती.

व्यापाऱ्याच्या टिपणात तगर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘पेरिप्लस’. त्यात त्यानं आपलं नाव लिहिलं नाही, पण बंदरं, अंतरं, वारे, कुठं काय विकतं आणि कुठं काय मिळतं, हे सगळं लिहिलं. आपण ज्याला आज बाजाराची पाहणी म्हणतो, तेच हे काम.

तो म्हणतो, दक्षिणापथात दोन बाजारपेठा विशेष मोठ्या. एक पैठण, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरं तगर, पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकाचे दगड येतात. तगरहून साधं कापड भरपूर, तलम कापडाचे सगळे प्रकार आणि मोलोकिना नावाचं कापड येतं. शिवाय समुद्रकाठच्या मुलखातून तगरला गोळा झालेला इतर मालही इथून पुढं जातो. आणि हे सगळं गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरावर उतरतं.

या चार ओळींत शिकण्यासारखं खूप आहे. तगरनं एकच माल धरून ठेवला नाही. साधं कापड गोरगरिबांच्या अंगावर जाणारं, तलम कापड श्रीमंतांच्या. एकाची मागणी कमी झाली तर दुसऱ्याची असते. दुसरी गोष्ट, तगर नुसतं बनवत नव्हतं, गोळाही करत होतं. पूर्वेकडचा माल इथं येऊन पुढं पश्चिमेला जाई. एकट्या विणकराच्या दोन ठाणांसाठी परदेशी व्यापारी तीस दिवसांची वाट बघत नाही. पण एका ठिकाणी शंभर गाड्यांचा माल जमला, की त्या गावाचं नाव त्याच्या टिपणात लिहिलं जातं.

ज्या बाजाराला जे चालतं ते

भडोच बंदरातून माल कुठं कुठं जाई, तेही पेरिप्लसमध्ये आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सोमालियाकडं, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाचा गोडवा जाई. इराणच्या आखातातल्या बंदरांना तांबं, चंदन, सागवान आणि शिसवी लाकूड जाई. तिथं झाडी कमी, त्यामुळं लाकडाला मोल. इजिप्तहून येणारी जहाजं मात्र हस्तिदंत, अकीक, तलम सुती कापड, रेशीम, पिंपळी आणि सुगंधी मुळ्या भरून नेत.

बंदर एकच, पण तीन दिशांना तीन प्रकारचा माल. ज्याला तूप हवं त्याला तूप, ज्याला लाकूड हवं त्याला लाकूड. परदेशी बाजार ही एकच मोठी विहीर आहे असं त्या व्यापाऱ्यांनी मानलं नाही. प्रत्येक आडाचं पाणी वेगळं, हे त्यांनी ओळखलं होतं.

भूम-वाशीकडच्या आपल्या खवा करणाऱ्या मैत्रिणींनी इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या जहाजातून दूध गेलं नाही, तूप गेलं. टिकणारा माल लांब गेला आणि नासणारा जवळ विकला गेला. कोणता माल किती लांब पाठवायचा, हे ठरवण्याचा तो पहिला नियम होता आणि आजही आहे.

येताना जहाजं काय आणत? दारू, त्यातही इटलीची पसंतीची, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी. तेरच्या कारागिरांनी ही बाहेरची तऱ्हा नुसती बघितली नाही. रोमन नाण्यांच्या नमुन्यावर त्यांनी मातीची पदकं केली, गळ्यात घालण्याजोगी. सोन्याचं नाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी मातीचं. बाहेरची आवड ओळखायची आणि आपल्या मातीत, आपल्या गिऱ्हाइकाला परवडेल असं करायचं. कुंभारांचं गाव ते, तिथं हे नवल नाही.

दसरा झाला की गाड्या

आता वेळेचं बघू. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास सुटत. नैऋत्येचा पावसाळी वारा पाठीशी घेऊन ती समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरू लागला की आपल्या किनाऱ्याला लागत. परतीला ईशान्येचा वारा लागतो. तो हिवाळ्यात वाहतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्यांना निघावंच लागे. तो वारा चुकला की पुढं कित्येक महिने थांबा.

इकडं तगरची काळी माती. पावसाळ्यात तिच्यात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणजे गाड्या निघणार पाऊस उघडल्यावर. आपल्या हिशोबानं नवरात्र सरलं, दसऱ्याचं सोनं लुटलं की बैल जुंपायचे. तीस दिवसांची वाट. मार्गशीर्ष लागण्याच्या आत माल भडोचला पोचला तरच जहाज मिळायचं.

याचा अर्थ कापड विणून, घडी घालून दसऱ्याच्या आत तयार हवं. सूत त्याही आधी कातलेलं हवं. कापूस त्याच्याही आधी, मागच्या हंगामात घेतलेला हवा. पैसा आज घालायचा आणि हातात यायचा पुढच्या वर्षी. मग मधले महिने घर कशावर चालायचं?

भांडवल श्रेणीचं

याचं उत्तर नाशिकच्या लेण्यांत दगडावर कोरलेलं आहे. त्या काळी एका धंद्यातल्या लोकांची संघटना असे. तिला श्रेणी म्हणत. विणकरांची श्रेणी, कुंभारांची, तेल्यांची. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं, त्यांच्या कालगणनेच्या 42 व्या वर्षी, नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं 3000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडं 2000, व्याज शेकडा एक महिन्याला. दुसरीकडं 1000, व्याज शेकडा पाऊण.

मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट होती. 2000 चं वर्षाचं व्याज 240 होतं. त्यातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी. बघा, 20 गुणिले 12 बरोबर 240. हिशोब पैशापर्यंत जुळतो. आणि हा व्यवहार गावाच्या सभेत जाहीर करून, दप्तरात नोंदवून मग दगडावर कोरला.

मैत्रिणींनो, आपल्या गटात आज शेकडा एक ते दोन रुपये महिना व्याज असतं. सभेत ठराव होतो, नोंदवहीत लिहिलं जातं, सह्या-अंगठे होतात. हे आपल्याला कुणी सरकारी योजनेतून नव्यानं शिकवलं असं वाटत असेल, तर नाशिकचा तो दगड बघून या. राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांच्या संघटनेकडं ठेवतो, याचा अर्थ त्या संघटनेची पत राजदरबाराइतकी होती. त्या ठेवीच्या जोरावरच विणकरांना पुढच्या वर्षीच्या जहाजाची वाट बघता येत असणार.

त्याच लेण्यांत पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या राजवटीतला एक लेख आहे. तो आहे विष्णुदत्ता नावाच्या बाईचा. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिनं श्रेणींकडं पैसा ठेवला. पण सगळा एकीकडं नाही. कुंभारांच्या मानल्या जाणाऱ्या श्रेणीकडं 1000, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडं 2000, तेल्यांकडं आणखी वेगळा. एक धंदा बसला तरी दुसऱ्याचं व्याज चालू राहावं. सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याची ही अक्कल सतराशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची आहे.

आणि सूत कातत कोण होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूताच्या कामावर एक प्रकरणच आहे. विधवा, अपंग, म्हाताऱ्या अशा बायकांकडून सूत कातून घ्यावं, सूत जाड की मध्यम की बारीक हे बघून मजुरी ठरवावी, असं त्यात आहे. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडं दासीमार्फत काम पाठवावं. सूत द्यायला आलेल्या बाईच्या तोंडाकडं अधिकाऱ्यानं बघितलं किंवा कामाशिवाय बोलला तर त्याला दंड. मजुरीला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. नियम पुस्तकात होता, रोज पाळला जात असेल का, ते ज्याचं त्यानं ओळखावं. पण एवढं खरं, की रोमच्या अंगावरचं तलम कापड कुठल्यातरी बाईच्या बोटांतून सुरू झालं होतं.

बंदर दुसऱ्याच्या हाती

इथवर तगरचं सगळं नीट होतं. आता अडचण बघा. नकाशा काढला तर तेरहून भडोच लांब आणि कल्याण जवळ. मग गाड्या भडोचला का जात?

कारण समुद्रावर तेव्हा भांडण पेटलेलं होतं. तगर-पैठण सातवाहनांचं आणि भडोच क्षहरातांचं. पेरिप्लसमध्ये लिहिलंय, की कल्याण पूर्वी कायदेशीर बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथं व्यापाराची अडवणूक झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं लागलं तर त्याला पहारा बसवून भडोचला नेत. उलट भडोचच्या राजानं आपलं बंदर लोकांना आवडेल असं केलं होतं. खाडी धोक्याची, भरती जोराची. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत आत आणत. एका हातानं शेजाऱ्याचं दार बंद करायचं आणि दुसऱ्या हातानं आपल्या दारी येणाऱ्याला पायघड्या घालायच्या. आज मोठ्या कंपन्या आणि देश हेच करतात.

यात तगरचा विणकर कुठं होता? त्याचं कापड उत्तम, पण बंदर आपल्या राजाच्या वैऱ्याच्या ताब्यात. गौतमीपुत्र सातकर्णीनं पुढं क्षहरातांचा पराभव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ही लढाई नुसत्या मुलखासाठी नव्हती. घाट, बंदरं आणि त्यांच्यावरून वाहणारा पैसा हाही तिचा मोठा भाग होता.

एकाचे शंभर

रोमचा लेखक प्लिनी तक्रार करतो, की भारत दरवर्षी आमच्या साम्राज्यातून निदान 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं. आपल्याला वाचून बरं वाटतं. पण तो पुढं असंही म्हणतो, की तिकडून आलेला माल आमच्याकडं मूळ किमतीच्या शंभरपट भावानं विकला जातो.

ही शंभरपट कुणाच्या खिशात गेली? थोडी गाडीवाल्याच्या, थोडी जकात घेणाऱ्या राजांच्या, थोडी भडोचच्या व्यापाऱ्याच्या, जहाजमालकाच्या आणि फार मोठी पलीकडच्या विकणाऱ्याच्या. तो व्यापारी तगरचा भाव, भडोचचा भाव, रोमचा भाव, तिन्ही जाणून होता. तगरच्या विणकराला फक्त तगरचा भाव ठाऊक. ज्याला दोन्ही टोकांचे भाव माहीत असतात, नफा त्याचा.

हे आजही तसंच आहे. आमच्या भागातल्या काही गटांकडून एका व्यापाऱ्यानं चटणी सुटी, किलोवर नेली. पुढं ती शहरात छोट्या पाकिटांत दिसली, भाव तिप्पट. पाकिटावर गावाचं नाव नाही, गटाचं तर नाहीच. कुटणारे हात आपले, पाकीट त्याचं.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकानंतर रोमशी चालणारा व्यापार ओसरला. दख्खनमधल्या कितीतरी भरभराटीच्या गावांना उतरती कळा लागली, त्यात तगरही होतं. मात्र नाव मागं राहिलं. पुढं कितीतरी शतकांनी कोकणात आणि कोल्हापूरला राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला अभिमानानं ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, म्हणवून घेत. राज्य दुसरीकडं, पण बिरुद आपल्या तेरचं. चांगल्या नावाला माल संपल्यावरही किंमत असते.

आपल्या बैठकीसाठी

तर परदेशी माल पाठवायचा का? आमचं म्हणणं, जरूर विचार करावा, पण भाच्याच्या बॅगेतून नव्हे, धोरण ठरवून. आज अन्नपदार्थांचा परवाना, आयात-निर्यातीचा कोड हे सगळं गटसंघालाही काढता येतं. टपाल खात्याची निर्यात केंद्रंही निघाली आहेत. कागद होतील. त्याआधी पुढच्या बैठकीत चार प्रश्न फळ्यावर लिहा.

आपला कोणता माल टिकतो आणि तो नेमक्या कोणत्या बाजाराला हवा आहे? दहा गटांचा माल एका ठिकाणी, एका चवीचा आणि एका मापाचा जमवता येईल का? पैसा उशिरा आला तर मधले महिने गटाची बचत आपल्याला पेलेल का? आणि घेणारा एकच असेल, तर तो गेल्यावर आपलं दुसरं दार कोणतं?

या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं तगरकडं होती. चौथ्याचं नव्हतं. ते शोधायचं काम आपल्यावर आलं आहे. आणि तोवर एक सोपी गोष्ट आजच करता येईल. चटणीचं पाकीट दहा रुपयांचं असो की शंभराचं, त्यावर गटाचं आणि गावाचं नाव ठसठशीत छापा.